डबकूचा खेकडेमामा

माझा दादा एक नंबरचा थापाड्या होता.
हे मला तो गेल्यावर वर्षानं कळलं. परवा.

आम्ही पोलादपूरजवळच्या वाडीतले. टीव्ही शेजारच्या काकूंकडे. रविवारी सकाळी डबकू बेडकाचं कार्टून लागायचं, आणि जरा वारा सुटला की लाईट जायची. नेमकी डबकू संकटात असताना!

मी भोकाड पसरायचे.

दादा म्हणायचा, "रडतेस काय गो? ह्यो भाग मी महाडला मामाकडं बघितलाय. तिथं लाईट जात नाय. आता खेकडेमामा येतो बघ."

आणि दादाच्या तोंडून खेकडेमामा यायचा. एका नांगीत कंदील, दुसरीत भाकरी. डबकूला पाठीवर बसवून घरी सोडायचा.
दर वेळी.

पुढे दादा कंपनीत लागला, बिरवाडीत खोली घेऊन राहिला. गेल्या वर्षी त्याला डबकूचा गेम सापडला. एकदम लो बजेट! पाणी म्हणजे निळी ताडपत्री. अख्ख्या जंगलात एकच झाड, तेच परत परत. डबकूचे पाय दगडात रुतायचे. रूमवरचे मित्र खो खो हसले.

"हसू देत," दादा म्हणाला. "बंदुकांचे भारी गेम ढीगभर हायत. आपल्या डबकूला कोण विचारतंय? कुणीतरी त्याची आठवण ठेवली ना, बास."

माझ्या लॅपटॉपवर त्यानं तो टाकून दिला. ती जुनी ट्यून वाजली आणि आम्ही दोघं घोडे अक्षरशः नाचलो.

मी विचारलं, "यात खेकडेमामा हाय?"
तो नुसता हसला. "खेळ तू. शेवटाला बघू."

पुढच्याच महिन्यात दादा अटॅकनं गेला.

वर्षभर तो गेम उघडायची हिंमत झाली नाही. परवा उघडला. दादा नाही, तर निदान खेकडेमामा तरी भेटावा, एवढंच वाटत होतं.

शेवटची लेव्हल. डबकू पुरात अडकला. मी मुद्दाम बटणांवरून हात काढून बसले. आता येईल, आता येईल.

नाही आला.
शेवटी मीच बटण दाबलं. डबकू उडी मारून पलीकडे गेला आणि गेम संपला.

माझं डोकंच फिरलं. आईला म्हटलं, "बघ, स्वस्तातलं काम! खेकडेमामाच गाळला मेल्यांनी. दादानं महाडला मामाकडं बघितला होता की!"

आई भाजी निवडत होती.
"मामाकडं टीव्ही कुठं होता गो तेव्हा?"

मी लॅपटॉप बाजूला ठेवला.

"लाईट गेली की तू रडायचीस," आई म्हणाली. "त्याला बघवायचं नाय."

आज दादाचं पुण्यानुमोदन, वर्षाचा कार्यक्रम. सकाळी बुद्धवंदना झाली, पाहुणे जेवून गेले. दादाचे मित्र म्हणतात, श्रद्धांजलीचे दोन शब्द लिही. मला नाही जमत.

गेम परत लावलाय. डबकू पुरात उभा आहे.

दादा, लाईट गेलीय रे.
पुढं काय झालं, सांग ना.