गुडघ्याखालचं कांबळं

आमच्या साताऱ्याच्या देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा वाजवणारा हा गडी पलटणीतून पेन्शनवर आलेला. जगातली कुठलीही गोष्ट त्याला पलटणीच्याच भाषेत कळे. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या एक झाल्या आणि आमच्यावर पहिल्यांदाच बिशप आले. बिशपच्या हाताखालचा धर्मप्रांत म्हणजे काय, हे पाळकसाहेबांनी तासभर समजावलं. बाहेर आल्यावर हा मला म्हणाला, "आवं मास्तर, सोपं हाय. पाळक सुभेदार, बिशप कर्नल, आन् आपुन जवान."

त्याच महिन्यात इंग्रजांच्या जुन्या चर्चमधल्या दोन म्हाताऱ्या आमच्यात आल्या. आम्ही बाकावर बसून प्रार्थना करणारे. त्या थेट फरशीवर गुडघे टेकायच्या. आम्ही कौतुकानं बघायचो आणि डोळे मिटून घ्यायचो.

एका रविवारी त्या गुडघे टेकायच्या तिथं दोन जाडजूड गाद्या दिसल्या. आमच्या या घंटावाल्यानं आपलं पलटणीतलं कांबळं फाडून त्या शिवल्या होत्या. थंडीत तेवढंच त्याचं पांघरूण, म्हणून मी त्याच्यावर रागावलो.

घंटेचा दोर गुंडाळत तो म्हणाला, "एक झालो म्हंतासा न्हवं? मग गुडघं त्येंचंच का दुखावं?"