फ्रिजची खालची बाजू

मॉन्ट्रियलात एक जुलैला घरांचे भाडेकरार संपतात आणि अर्धं शहर बिऱ्हाड हलवतं. हॉकीवाल्यांचे करारही त्याच दुपारी बारा वाजता सुटतात. यानिक थिफोच्या नशिबी यंदा दोन्ही एकदमच आलं.

पस्तिशीचा यानिक बर्फावरच्या हॉकीतला बचावपटू, तोही तिसऱ्या जोडीतला. म्हणजे गोल केल्यावर ज्याचं नाव कुणी घेत नाही आणि गोल खाल्ल्यावर सगळे घेतात, तो. जोडीदार पुढे मिरवायला जायचा आणि हा मागे उभा राहून खेळातल्या कडक रबरी चकत्या अंगावर घ्यायचा. बारा वर्षांत सात संघ आणि नऊ घरं झाली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात ना! पण विंचू बिचारा एकटा असतो. याच्या पाठीमागे बायको जोझियान होती, नऊ वर्षांची लेक फ्लावी होती.

मार्चमध्ये जोझियान म्हणाली, "बास झालं. मी बहिणीशेजारी घर घेतेय. खेळ सोडून आलास तर ये. इथलाच संघ मिळाला तरी ये. पण आम्ही आता कुठे हलणार नाही." तेव्हापासून यानिक इथल्या संघाच्या फोनकडे डोळे लावून बसला होता.

आज तिचाच फ्रिज बाहेरच्या लोखंडी जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर चालला होता. वरची बाजू मेव्हण्याने, बेनुआने, धरली होती. खालची, अर्थातच, यानिकने.

"नीट धर रे," बेनुआ म्हणाला. "ही चकती नाही, अंगावर घेतलीस तर उठणार नाहीस!"

दुसऱ्या वळणावर खिशात फोन वाजला. हात कुठे मोकळे होते? मागून चढणाऱ्या फ्लावीने फोन काढून, स्पीकर लावून त्याच्या तोंडाशी धरला. लमीरचा, म्हणजे त्याचे करार जमवणाऱ्या दलालाचा आवाज साऱ्या जिन्याला ऐकू गेला.

"इथल्यांना तरणा पोरगा हवाय, तू नकोस. पश्चिमेला दुय्यम संघात जागा आहे, पण पक्कं काही नाही. जर्मनीत मात्र एक वर्ष पक्कं. माझं ऐकशील तर जर्मनीच घे. लगेच सांग, दुसरा टपलाय."

जोझियान वरच्या दारात उभी होती. "कोपऱ्यावरच्या बर्फाच्या रिंकला मुलांना हॉकी शिकवणारा हवाय. मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं तुला."

यानिकला तिचं पटत होतं. पण खेळाशिवाय सकाळी उठून करायचं काय? भ्यायला तो, दुसरं काही नाही.

"जर्मनी," तो म्हणाला.

जोझियान वळून आत गेली. कपाळकरंट्याने तेवढा फ्रिज तरी वर पोचू द्यायचा!

फ्रिज लावून तो वळला, तर फ्लावी खोकी फोडत होती. आजवर ती खोकी कधी पूर्ण उघडायची नाही. तळातली पुस्तकं तशीच पुढच्या गावी जायची. आज सगळं फळीवर लागत होतं.

यानिकला गलबलून आलं. काहीतरी करायचं म्हणून तो खाली उरलेली आपली पेटी आणायला निघाला.

फ्लावीने मान वर केली. "बाबा, ती राहू दे खालीच. परत उतरवावी लागेल तुला."