खांद्याच्या खाली

कर्मचारी: सेलेस्तिनो ब्रॅथवेट. हुद्दा: पोर्टर. वय: चौसष्ट. जन्मस्थान: कोलोन, पनामा. वांशिक गट: इतर. उजवा हात: खांद्याच्या वर जात नाही. चेंडू फेकण्यासारखी हालचाल कायमची अशक्य. शिफारस: हलकी कामे. खेळ व छंद: नमूद नाही.

मे २००३ मधला हा अहवाल कार्डिफच्या एका हॉस्पिटलात कर्मचाऱ्यांची तपासणी करणाऱ्या डॉ. उल्का जोगळेकर यांचा. बालपण दादरला गेल्यामुळे हात कशासाठी असतो हे लिहिताना त्यांना चेंडूच आठवला. खेळाच्या रकान्यात मात्र फक्त गेल्या पाच वर्षांचं विचारलं होतं.

त्याआधीचं असं. सेलेस्तिनोचे आजोबा बार्बाडोसहून पनामाचा कालवा खणायला आले. नातू घरात इंग्रजी बोलला, गल्लीत स्पॅनिश. १९५८ साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका गावच्या बेसबॉल क्लबानं त्याला पिचर म्हणून, म्हणजे चेंडू टाकायला, घेतलं. त्या क्लबातला तो पहिला काळा खेळाडू. गोऱ्यांना तो काळा वाटे आणि गावातल्या काळ्यांना परदेशी, त्यामुळे हे पहिलेपण त्याला एकट्यानंच साजरं करावं लागलं. दौऱ्यावर संघ हॉटेलात जेवायचा, हा बाहेर बसमध्ये. तीन हंगामांत एक्केचाळीस सामने जिंकून दिल्यावर खांदा गेला. क्लबानं दोन ओळींचं पत्र दिलं. मग बोट, बोटीवरून कार्डिफ, कार्डिफात ग्वेनशी लग्न, आणि एकतीस वर्षं पोर्टर म्हणून हॉस्पिटलातल्या ट्रॉल्या ढकलणं.

कार्डिफमध्येही बेसबॉल आहे, पण त्यांचा त्यांचा. त्यात चेंडू खालून टाकतात. हात वर नेण्याची गरजच नाही.

जूनमधल्या एका शनिवारी पोर्टर विरुद्ध डॉक्टर असा सामना झाला. उल्काचा नवरा जयंत, हॉस्पिटलातलाच भूलतज्ज्ञ, दुसऱ्याच चेंडूवर बाद होऊन घरी आला.

"तुझ्या त्या हात न उचलणाऱ्या पेशंटनं घालवलं मला," तो म्हणाला.

"तू कशानंही जातोस," उल्का म्हणाली. पण चहा तिनं अर्धाच घेतला.

सोमवारी पोर्टरांच्या मॅनेजरबाईंनी तिच्या टेबलावर फोटो ठेवला: सेलेस्तिनो, हातातून नुकताच सुटलेला चेंडू. खोटं दुखणं सांगून हलकी कामं मिळवली, असं त्यांचं म्हणणं होतं. निवृत्तीला नऊ महिने राहिले असताना प्रकरण नोकरीवर आलं.

त्याला बोलावलं. गणवेशाला इस्त्री करून तो आला. उल्कानं जरा रागानंच विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंत?

"डॉक्टर, हात वर जातो का, हे तुम्ही विचारलंत. जात नाही. खाली काय करतो, ते कुणी विचारलं नाही."

मॅनेजरबाईंसमोर उल्कानं त्याचा हात धरून वर नेला. तो खांद्यापाशी थांबला. तिनं आणखी जोर लावला, तेव्हा तो कळवळून वाकला आणि मॅनेजरबाईंनीच "पुरे" म्हटलं.

त्याची नोकरी राहिली, हलकी कामंही. मार्चमध्ये तो ठरल्या दिवशी निवृत्त झाला. अहवालात उल्कानं एक ओळ वाढवली: खांद्याखालील हालचाल समाधानकारक.

त्या शनिवारी डॉक्टरांच्या अकरा जणांपैकी नऊ त्यानं बाद केले होते.