वेचणीच्या दिवसांतली शाळा

अकोल्याचे मास्तर गेले, त्याला अजून फार दिवस झाले नाहीत. आमच्या स्नेहात हसण्याचेच प्रसंग अधिक, म्हणून लिहिताना हसू येते. लेखणी मात्र थांबत थांबत चालते.

अमेरिकेत लढाई लागली होती, तिथला कापूस विलायतेला जात नव्हता आणि वऱ्हाडात कापसाला कधी नव्हे असा भाव आला होता. अमरावतीहून तिवशाकडे जाताना लागणाऱ्या एका गावी माझी शाळा होती. वेचणी सुरू झाली की मुले आईबापांबरोबर शेतात जात आणि मी रिकाम्या सतरंजीकडे पाहत बसे. त्या साली शाळा तपासणाऱ्या डिपटी साहेबांनी कळवले, तपासणीला मुले दिसली नाहीत तर शाळा उठवू.

अकोल्याच्या मास्तरांची नि माझी एक रीत होती. वर्षातून एकदा एकाने दुसऱ्याच्या शाळेत आठवडाभर जाऊन बसायचे. माझी वाचन शिकवण्याची पद्धत ते असेच घेऊन गेले होते. या खेपेला आले नि म्हणाले, "मास्तर, तुमची वेळ चुकून राहिली. कापूस सकाळी दवात वेचतात. ऊन चढलं का वाळला पाला त्याले चिकटते. मंग दुपारी लेकरं काय करतात?"

"झोपतात."

"त्याइले इथं आणा. मी अकोल्याले तेच केलं."

आम्ही घरोघर फिरलो. दुपारी शाळा भरू लागली. माझे शिकवणे ते मागे बसून ऐकत आणि नंतर सांगत, "तुमी लय घाई करता. लेकराले उत्तर सापडू द्या."

डिपटी साहेब मात्र सकाळीच आले. शाळेला कुलूप. अकोल्याचे मास्तर म्हणाले, "चला सायेब, शाळा वावरात हाये."

साहेबांचा काळा कोट पाहून शेताची मालकीण पुढे आली. त्या साली कोट घालून शेतात येणारा माणूस दलालच असे.

"भाव बोला आधी."

"बाई, मी शाळेचा साहेब."

"शाळेचे असा का कोणाचे, माप आमच्या काट्यावर होईन." असे म्हणून तिने त्यांच्या हातात कापूस कोंबला.

मुले खिदळली. साहेबांनी तो कापूस धरूनच विचारले, "सव्वा मणाचे शेर किती?"

मुले बोटे मोजू लागली. मी सुचवायला तोंड उघडले, तर मास्तरांनी माझा हात दाबला. मग कमरेची कापसाने भरलेली ओटी सावरत एक मुलगा म्हणाला, "पन्नास." पुढच्या प्रश्नाला तिघे एकदम बोलले.

साहेब कोटावरचा कापूस झटकत म्हणाले, "वेचणी संपेपर्यंत दुपारचीच शाळा ठेवा. आणि इतर मास्तरांनाही हे दाखवा."

पुढल्या वेचणीला परतवाड्याकडचे दोन मास्तर माझ्या शाळेत बसायला आले; अकोल्याचे मास्तरही आले होते. त्यांना आधी काय दाखवायचे, यावरून आम्ही दोघे सकाळभर भांडलो. तोवर शेताच्या मालकिणीने त्यांना कापूस वेचायला लावले होते.