देवाचे मासे

आमच्या डोहातले मासे देवाचे, म्हणून त्यांना कुणी गळ लावत नाही. नवस बोलायला आलेली माणसं त्यांना कुरमुरे टाकतात.

आषाढ लागला, तरी वरचं धरण भरेपर्यंत नदीला पाणी सुटत नाही. अंडी घालायला या माशांना वर, वाहत्या पाण्यात जावं लागतं. काल हातभर लांबीचा एक मासा कोरड्या खडकापाशी गेला, वळला, पुन्हा तिथंच आला.

"खातच नाहीत हो," शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. "देव रागावला असेल का?"

"त्यांना वर जायचंय," पुजारीकाका म्हणाले.

"मग जाऊ द्या की."

काका धरणाकडे बघत राहिले.

माशांना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जपलं. नदीही देवाचीच, हे कुणाच्या मनात आलं नाही. मी मूठ उघडली. कुरमुरे पडले तिथंच तरंगत राहिले.