पुरावाबाई

आमच्या बाईंच्या वर्गात उत्तर द्यायला हात वर करायचा नाही. धड्यातल्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट नसेल तर उत्तर ऐकूनच घेत नसत. अकोले तालुक्यातल्या वरच्या डोंगरातली आमची शाळा. पोरांनी त्यांचं नाव पुरावाबाई पाडलं.

धडे संपले की त्या वर्तमानपत्रं, औषधांच्या बाटल्यांवरची माहिती, धरणातून पाणी सोडण्याच्या सूचना वाचायला देत. एकदा मी म्हणाले, "बाई, पूर येणार."

"सूचनेत 'सतर्क राहावे' एवढंच आहे. त्यावरून 'पूर येऊ शकतो' म्हण. 'येणार' हे तुझ्या भीतीनं लिहिलं."

स्वतः मात्र फार भित्र्या. एसटीला उशीर झाला की पोरं पोचेपर्यंत फाटकाशी पाच खेपा घालत.

मी सातवीत होते. बाबा जीपनं प्रवासी न्यायचे, वडाप करायचे. एके दुपारी पॅसेंजर घेऊन संगमनेरला गेले, ते रात्रीही परतले नाहीत. फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत पेपर आला: घाटात जीप उलटली, चालक गंभीर, नाव समजू शकले नाही.

"माझे बाबाच हायेत," मी रडायला लागले.

बाई शेजारी बसल्या. "कुठल्या ओळीवरून?"

आम्ही बातमी वाचली. जीपमध्ये टोमॅटोचे क्रेट होते. बाईंचा चेहरा उजळला. "तुझे बाबा तर माणसं नेतात ना?"

"येताना कधी कधी क्रेट आणत्यात."

बाईंनी बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग हळू म्हणाल्या, "ते तुझे बाबाच आहेत, असं यात नाही. नाहीत, असंही नाही. याहून जास्त मला सांगता येणार नाही." माझा हात त्यांनी धरून ठेवला.

मधल्या सुट्टीनंतर बाबा दारात उभे! "एक्सल तुटला वाटंत. मोबाईलबी बंद पडला. लई हाल झाले."

बाईंनी पेपरची घडी घातली आणि मला दाराकडे पाठवलं.

दोन वर्षांनी त्यांची काष्टी गावाला बदली झाली. बाबांनीच त्यांना स्टँडवर सोडलं, मीही होते. बाबांनी मनातलं विचारलं, "बाई, त्या दिवशी पोरीला 'काळजी करू नको, येतील' म्हनला असता तर काय बिघडलं असतं?"

"जिभेवर आलं होतं हो," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही आला नसता, तर नंतर तिला धीर द्यायला माझ्याकडे कुठला शब्द उरला असता?"

बाईंची ट्रंक बाबांनी खांद्यावर घेतली आणि एसटीत जागा धरायला पुढे गेले.