जल्लादमामाच्या एकट्या चपला

धर्माबादला मामाच्या घरी माळ्यावर एक पोतं होतं. त्यात चपला होत्या आणि सगळ्या एकेकट्या. रबरी, टायरच्या, करकर वाजणाऱ्या, शिवाय पितळी बक्कल असलेला एक ऐटबाज सँडल. जोडी कशाचीच नव्हती. लहानपणी मला वाटायचं, मामा कुठल्या तरी देवळाबाहेरून एकेक उचलून आणतो. आईला विचारलं की ती तोंडाला पदर लावून हसायची. "त्येची कमाई हाय ती," म्हणायची.

आई खरंच सांगत होती. माझा मामा नामदेव फ्री स्टाईल कुस्तीतला 'जल्लाद' होता. तेव्हा आमच्या नांदेड-लातूरकडच्या जत्रांमधून या कुस्त्यांचा एक फड फिरायचा. फळ्यांवर गाद्या, चारी बाजूंनी दोरखंड आणि गावभर ओरडत फिरणारी भोंग्याची जीप. फडात एक भला पैलवान असे आणि एक दुष्ट. भले म्हणजे देगलूरचे बलभीम पैलवान, गोरेपान, पिळदार मिशांचे. दुष्ट म्हणजे आमचा मामा. तो डोकं तासून कपाळभर शेंदूर फासायचा, मागून वार करायचा, पंचाला ढकलायचा, पडलेल्याच्या छातीवर पाय द्यायचा आणि शेवटी न चुकता हरायचा. मधल्या वेळात लोक चपला फेकून मारत. खेळ संपला की मामा त्या गोळा करी. "आज नऊ पडल्या. लई रंगला खेळ," असं घरी येऊन सांगायचा. "पन जोडीनं कुनी मारत न्हाई बघ. मानूस कितीबी चिडू दे, एक पायात ठिवतो."

त्याचं सगळ्यात बदनाम हत्यार म्हणजे लंगोटात खोचलेली तिखटाची पुडी. एरवी तो धर्माबादच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, मिरचीची पोती उचलायचा, त्यामुळे ते तिखट अस्सल आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती. प्रत्यक्षात त्या पुडीत कुंकवाचा रंग दिलेलं तांदळाचं पीठ असे. ते माझी आई दळायची आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा चाळायची. बलभीमच्या डोळ्यांत कण जाऊ नये म्हणून. मामा ते डोळ्यांवर फेकतच नसे, छातीवर फेकायचा. डोळे धरून गडबडा लोळणं बलभीम पैलवानांकडे होतं आणि ते काम ते झकास करत.

तेलुगूचंही तसंच. दोर धरून मामा तेलुगूत अशा काही डरकाळ्या फोडायचा की लातूरकडच्या बायका पोरांचे कान झाकत. तेलुगू मुलखाला लागून असलेल्या धर्माबादची माणसं मात्र खाली मान घालून खुसखुसत. कारण मामा "वंकाय! बेंडकाय! दोसकाय!" असं ओरडत असायचा. म्हणजे वांगी, भेंडी, काकडी. मी एकदा म्हटलं, मामा, खऱ्या शिव्या दे की. तर म्हणाला, "शिवी देऊन परत त्येच्यासंग जेवाया बसायचं असतं, पोरी."

माझे वडील मी दुसरीत असतानाच गेले. त्यानंतर मामाने आईला आणि मला धर्माबादला आणलं. पालकसभेला तोच यायचा. त्याचं तासलेलं डोकं बघून बाईंचा आवाज आपोआप मऊ होई. दहावीच्या चाचणीत मी गणितात नापास झाले तेव्हा त्याने मला रागावायचं सोडून अंगणात गोधडी टाकली आणि पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, श्वास सोडायचा, पाठ गोल करायची. "मारनं कुनालाबी येतं," तो म्हणाला. "पडनं शिकाया लागतं. नीट पडलेला मानूस उठतो." मी रडत रडत दहा वेळा पडले आणि अकराव्यांदा हसले.

त्याच दिवशी त्याने मला मनगटाची खूण सांगितली. खेळात एकाने दुसऱ्याला आपटलं की उचलता उचलता त्याचं मनगट हळूच दोनदा दाबायचं. म्हणजे विचारायचं, ठीक हायस ना? खालच्याने एकदा दाबलं तर ठीक. दाबलंच नाही तर खेळ तिथंच आवरायचा. "ह्यात लबाडी करायची न्हाई," मामा म्हणाला. "लोकांसंग कर, पंचासंग कर. मनगटासंग न्हाई." पुढे परीक्षेला जाताना, दवाखान्यात सुई टोचून घेताना तो माझं मनगट दोनदा दाबायचा. मी एकदा दाबायचे.

फड मोडला, मामा म्हातारा झाला, मी नांदेडला शाळेत शिक्षिका झाले. मग उदगीरचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, मला पसंत होता. बोलणी होत आली आणि माझे होणारे सासरे मामाकडे टक लावून बघायला लागले. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

"तुम्ही जल्लाद न्हाई का?"

"हाव," मामा म्हणाला.

सासरे बाजूला जाऊन माझ्या आईशी बोलले. सोयरीक मान्य आहे, पण मुलीच्या पाठीशी मामा म्हणून हा माणूस उभा राहिलेला चालणार नाही. उदगीरच्या जत्रेत त्याने बलभीम पैलवानांच्या डोळ्यांत तिखट घातलेलं अख्ख्या गावाने बघितलंय. शिवाय पैलवान त्यांच्या घरोब्यातले, लग्नाला येणार.  आमच्यात मुलीला मांडवात मामाच आणतो आणि अंतरपाटाच्या वेळी तोच मागे उभा राहतो. मला तर बाप नव्हता. जे होतं ते मामाच होता.

ते लोक गेल्यावर मी भांडले. "सांगून टाक ना त्यांना, सगळं ठरलेलं असायचं. पिठाची पुडी होती म्हणून सांग."

"आन् बलभीमचं काय?" मामा म्हणाला. "त्येच्या तालमीत आज पोरं येऊन राहिलीत, त्येच्या नावावर. म्या एक शब्द बोललो की त्येचं आयुष्य खोटं पडतं. फडाच्या उस्तादाला शब्द दिलाय, आतलं भाएर सांगनार न्हाई म्हनून. मी सैपाकाकडं बघतो. तुझं लगीन होऊ दे."

मला त्याचा भयंकर राग आला. इतका की लग्नापर्यंत मी त्याच्याशी धड बोलले नाही. आज त्याची लाज वाटते.

लग्न उदगीरला, शाळेच्या पटांगणात फरशीवर टाकलेल्या मांडवात. मामा सकाळपासून मागे आचाऱ्यांत होता. बलभीम पैलवान फेटा बांधून आले, लोकांनी वाट करून दिली. त्यांनी बसायच्या आधी विचारलं, "नामदेव कुठाय?" कुणीतरी मामाला बोलावून आणलं. तो आला तो हातात झारा घेऊनच. दोन म्हातारे समोरासमोर उभे राहिले आणि लोक खुर्च्यांवरून उठून बघू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "पैलवान, सोडू नका त्येला."

मला शाळेच्या ज्या खोलीत बसवलं होतं, तिच्या दाराकडे मामाने एकदा बघितलं. मी दारातच होते. मग त्याने झारा आचाऱ्याच्या हातात दिला, शेजारची खुर्ची डोक्यावर उचलली आणि डरकाळी फोडली, "वंकाय! बेंडकाय!"

बलभीम पैलवानांना समजायला एक क्षण लागला. मग त्यांनी खुर्ची हिसकून बाजूला टाकली, मांडीवर थाप मारली आणि मामाच्या छातीवर अशी चापट दिली की मामा दोन्ही पाय वर करून फरशीवर आडवा. त्याचं वय तेव्हा साठीच्या पुढे होतं. मांडव उसळला. शिट्ट्या वाजल्या, कुणी फेटे उडवले. पैलवानांनी त्याला मनगट धरून उठवलं. आणि माझे सासरे गर्दीतून पुढे आले. हसून हसून त्यांच्यावर डोळे पुसायची वेळ आली होती. "जल्लाद," ते म्हणाले, "माझी एक चप्पल तुमच्याकडं हाय. कोरी होती. एका पायानं घरी गेल्तो, बापानं झोडपलं."

"पोत्यात असंल," मामा म्हणाला. "येऊन हुडका."

भटजींच्या हातातला माईक सासऱ्यांनीच घेतला आणि सांगितलं, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.

मांडवात जाताना मामाने माझं मनगट धरलं, दोनदा दाबलं. मी एकदा दाबलं. त्याने डावा हात का पुढे केला, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. सगळी मंगलाष्टकं होईपर्यंत तो माझ्या मागे ताठ उभा होता. "लोकांना जल्लाद पायजे होता, देऊन टाकला," तो नंतर आईला म्हणाला. "मंग त्ये मामाला सोडतात."

उजवा खांदा निखळला होता, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. तो हात पुन्हा कधी कानाच्या वर गेला नाही. बलभीम पैलवान भेटायला आले तेव्हा माझ्यासमोर लहान पोरासारखे रडले. "म्या दोनदा दाबलं, बाई. त्यानं लगेच एकदा दाबलं. इतक्या वर्षांत एवढ्या लगेच कधी दाबलं नव्हतं. मला समजाया पायजे होतं." ज्या माणसाला दोन जिल्हे लबाड म्हणून ओळखत होते, त्याने खरी लबाडी केली ती एवढीच.

सासरे पुढे खरंच धर्माबादला गेले आणि दुपारभर पोतं उपसत बसले. त्यांची चप्पल काही सापडली नाही. मामाने त्यांना पितळी बक्कलवाला सँडल दिला, तो आमच्या घरी अजून कपाटावर आहे.

गेल्या वर्षी मामाला अर्धांगवायूचा झटका आला. नांदेडच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, माणसं ओळखतात की नाही, सांगता येत नाही. बघून घ्या.

मी कॉटच्या डाव्या बाजूला बसले आणि त्याचा हात हातात घेतला. दोनदा दाबायचं माझ्या मनात होतं. त्याआधीच त्याची बोटं माझ्या मनगटाभोवती आली. एकदा दाबलं. मग जरा थांबून, सगळा जीव गोळा करून, पुन्हा एकदा.

तो मला विचारत होता.

मी अजिबात ठीक नव्हते. मी लगेच एकदा दाबलं.